संसारातली सगळ्यात जड जीभ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लसूण सोलणं. होळी होऊन गेली होती, बाजारात नवा लसूण आला होता आणि हिला चटणीसाठी परातभर सोललेला पाहिजे होता. दिवेलागणीची वेळ. ही पाटावर, मी खुर्चीवर, कारण माझे गुडघे आता खाली जात नाहीत. मी गड्डा फोडून पाकळ्या सुट्या करायच्या, हिनं सोलायच्या. पंखा लावला की टरफलं घरभर उडतात म्हणून पंखा बंद, आणि पंखा बंद म्हणून मी वैतागलेला.

वैतागायला आणखी एक कारण होतं. दुपारी मुलीचा इंदूरहून फोन आला होता. दोघंही आता इकडेच येऊन राहा, म्हणत होती. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी म्हणालो, "मला घरातून उचलायची एवढी घाई असेल तर चौघं जण घेऊनच ये." मुलीनं फोन ठेवला. हिनं सगळं ऐकलं. आत जाऊन लसणाची पिशवी घेऊन आली.

अर्धी परात झाल्यावर ही म्हणाली, "अहो, आजचा प्रश्न. सांगा, संसारात सगळ्यात जड जीभ कोणाची?"

माझा हात थांबला. मनात म्हटलं, आलं. दुपारपासून गिळून बसली होती, आता बाहेर आलं.

"माझी," मी म्हणालो. "सरळ म्हण ना. आडून कशाला बोलतेस?"

ही खाली मान घालून हसली. "उत्तर सकाळी," म्हणाली.

मी हातातला गड्डा परातीत आपटला, पाकळ्या उडाल्या, आणि चपला घालून बाहेर पडलो. टेकडीच्या खालून बस स्टँडपर्यंत गेलो, तिथून परत. आलो तेव्हा लसूण सोलून झाला होता, खाली उडालेल्या पाकळ्याही वेचल्या होत्या, ताट वाढलेलं होतं. जेवलो आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ही गेली. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. शेजारीण दह्याला विरजण मागायला आली, तिला दिसली. डॉक्टर म्हणाले, हार्ट, काही कळायच्या आत झालं असेल. मी घरी नव्हतो. त्या सकाळी मी काय केलं तेच मला सांगायचं आहे, पण आत्ता नाही. आधी बाकीचं सांगतो.

माझं शिक्षण चौथी. धंदा तराजूचा. काटे दुरुस्त करायचे, दांडी सरळ करायची, झिजलेल्या वजनाच्या बुडात शिसं भरून ते बरोबर करायचं. आजोबाही हेच करायचे. त्यांच्या वेळी देवासात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राजे दोन. आजोबा सांगायचे, बाजारात रस्त्याच्या या अंगाचं दुकान एका राजाचं आणि समोरचं दुसऱ्याचं, आणि मी मधे वजनांची पेटी घेऊन उभा. हे हिला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं तेव्हा ही इतकी खूश झाली की विचारू नका. म्हणाली, "म्हणजे तुम्ही नक्की कोणत्या राजाचे? तुम्ही स्वतःच एक प्रश्न आहात."

प्रश्न हा हिचा नाद. धारची मुलगी, मराठी शाळेत अकरावी झालेली. कुठूनही काहीतरी गोळा करायची. हिंदी पेपरच्या कोपऱ्यातून, कॅलेंडरच्या मागून, भज्यांच्या पुडीच्या कागदावरून. पुडीचा कागद तेलकट असेल तर उजेडात धरून वाचायची. मग वहीत उतरवायची, आणि उतरवताना हिंदीचं मराठी करून.

पहिला प्रश्न विचारला तो कापसाचा. एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? मी हसलो. तराजूवाल्याला हे विचारतात? म्हणालो, "सारखं. पोरंसुद्धा सांगतील." ही म्हणाली, "उत्तर सकाळी." सकाळी चहाबरोबर सांगितलं की काट्यावर दोन्ही सारखे दिसले तरी कापूस खरा किंचित जास्त असतो, कारण फुगलेल्या मालाला हवा खालून जरा उचलून धरते आणि काटा तेवढा फसतो. मी दोन दिवस हिच्याशी धड बोललो नाही. बापजाद्यांचा धंदा माझा, आणि ही मला काटा शिकवते! तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "हवेला तोललं कोणी?"

तेव्हापासून ते माझं ठरलेलंच झालं. ही काहीही सांगो, मी विचारायचं, तोललं कोणी?

उत्तर नेहमी सकाळीच देण्याचा नियम मात्र नंतर पडला. त्या काळी मी पेटी घेऊन बाजारांच्या गावी जायचो. लोहारदा, पीपलरावां, कधी त्याहून पुढे. तीन दिवस, कधी पाच. निघताना ही दारात प्रश्न विचारायची आणि म्हणायची, उत्तर आल्यावर. मी सगळ्या बाजाराला विचारत फिरायचो. व्यापारी दुरून मला बघितलं की ओरडायचे, "आओ मिस्त्री भिया, आज भाभी ने कांई पूछ्यो?" मग धान्याच्या ढिगावर बसून दहा जण डोकं चालवायचे. घरी आल्यावर उत्तर मिळायचं. पुढे फिरणं कमी झालं. प्लॅस्टिकचे बटणाचे काटे आले, मला कोण विचारतो! तेव्हा नियम संध्याकाळ आणि सकाळ असा झाला. संध्याकाळी प्रश्न, सकाळी चहा झाल्यावर मी म्हणायचं, "हं, सांग." मी म्हटल्याशिवाय ही सांगायची नाही. मोबाइलला विचारायचं नाही. वही उघडायची नाही.

"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

"इथं एकानंच जीव नकोसा केलाय. तो तीन सांभाळतो कशी?"

"जिराफाच्या मानेत हाडं सात, आणि माणसाच्या मानेतही सातच."

"मग तुझा मामा एवढी मान वर करून चालतो तो कशाच्या जोरावर?"

"शुक्रावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षापेक्षा मोठा."

"अरे बाप रे. म्हणजे एकादशी धरली की मेलाच."

ही हसायची ती नाकातून. आवाज नाही, फक्त खांदे हलायचे. मला वाटायचं मी हिला फार हसवतो. आता वाटतं, ही माझ्याकडून ते काढून घ्यायची. प्रश्नच असे निवडायची.

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा हिनं मला देवळात नेलं नाही, लोखंडी खांब दाखवायला नेलं. दिल्लीचा खांब सगळ्यांना माहीत. धारचा त्याहून लांब होता, तो तीन तुकडे होऊन पडला आहे, आणि बाहेरगावी कुणाला पत्ता नाही. मी त्यावरून हात फिरवला. लोखंड मला हाताला कळतं. एवढी वर्षं पावसात पडलेलं आणि हाताला गंजाची भुकटी नाही. ही म्हणाली, "वजन किती असेल?" मी म्हणालो, "तोलल्याशिवाय मी बोलत नाही." त्या दिवशी ही पहिल्यांदा माझ्यासमोर खांदे हलवून हसली.

तर असं होतं. आणि आता प्रश्न राहिला आणि उत्तर गेलं.

तेरा दिवस घर भरलेलं होतं. मुलगी होती, नात होती, येणारे-जाणारे होते. मला बसवत नव्हतं. मी अंगणात जायचो, आत यायचो, पेटी उघडायचो, वजनं मांडायचो, परत भरायचो. मुलगी म्हणायची, "बाबा, बसा ना एका जागी." त्या फोनबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही, मीही नाही. खाटेखाली लसणाची टरफलं सापडत होती. झाडलं तरी दुसऱ्या दिवशी परत एखादं.

माझ्या डोक्यात एकच. ही मला टोमणा मारून गेली का? एवढ्या वर्षांत हिनं मला शेवटचं जे विचारलं, ते माझ्या जिभेबद्दल होतं का? असेल तर असेल. खोटं नाही ते. माझ्या जिभेनं दोन भाऊ तुटले, जावई वर्षभर घरी आला नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण हिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. कधीच नाही. मग जायच्या आदल्या दिवशीच का?

अकराव्या दिवशी नात माझ्याजवळ बसली होती. कॉलेजात आहे. मराठी बोलते पण अडखळत, वाचायला दिलं की घाबरते. घरात हिंदीच चालतं त्यांच्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सांग बरं, संसारात सगळ्यात जड जीभ कोणाची?"

"व्हेलची ना," ती लगेच म्हणाली. "नीली व्हेल. पूरे हाथी जेवढी जड असते म्हणे तिची जीभ."

"तोलली कोणी?" तोंडातून निघून गेलं. मग म्हणालो, "अगं, मी समुद्राचं नाही विचारत. संसारात विचारतोय."

"हां तो संसारच ना, आजोबा. संसार म्हणजे दुनिया."

मी तिच्याकडे बघत राहिलो. हिंदीत संसार म्हणजे जग. आमच्यात संसार म्हणजे नवरा, बायको, चूल, भांडीकुंडी. जन्म गेला या दोन भाषांमधे, रोज शंभर वेळा इकडून तिकडे गेलो, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. हिनं प्रश्न हिंदी पेपरातून काढलेला असणार. शब्द तसाच तोंडात राहिला असणार. जगातली सगळ्यात जड जीभ! माझी नव्हेच ती.

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. मुलीनं दोनदा वळून बघितलं.

संध्याकाळपर्यंत परत किडा वळवळला. नात हिंदीत वाढलेली, तिला व्हेल ऐकू येणारच. पण ही? हिची मराठी तर धारची, जुनी. ही अशी चूक करेल?

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी धारची बस धरली. मुलगी म्हणाली, "या उन्हात धारला कशाला?" म्हणालो, "काम आहे." हिची धाकटी बहीण तिथं राहते. मराठी शाळेत मास्तरीण होती, आता घरीच असते. तिला पाणी आणू दिलं नाही, दारातच विचारलं, "संसारात सगळ्यात जड जीभ कोणाची?"

"भावोजी, तुमचीच! ह्यात विचारायचं काय?" ती हसली, मग माझं तोंड बघून हसू आवरलं. "काय झालं? बसा आधी."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. लसूण, फोन, व्हेल, सगळं.

तिनं खुर्ची माझ्यापुढे ओढली. मग म्हणाली, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू का?"

"नको."

"मग ऐका. ताई संसार म्हणाली असेल तर संसारच. मी एकदा तिला पत्रात लिहिलं होतं, संसारातलं सर्वांत उंच शिखर. तर तिनं माझंच पत्र परत पाठवलं. त्या शब्दाभोवती लाल शाईनं गोल काढून. खाली लिहिलं होतं, संसारात शिखर नसतं, जगात असतं. मास्तरीण मी, आणि गोल तिनं काढला."

आता बसलो.

तिनं चहा आणला. म्हणाली, "वही बघितलीत का?"

"वही तिची आहे. उघडायची नाही असं ठरलं होतं."

"आता कोणाची आहे, भावोजी?"

बसला वेळ होता म्हणून खांबापर्यंत चालत गेलो. लोखंड उन्हानं इतकं तापलं होतं की हात ठेववेना. तीन तुकडे तसेच पडलेले. उभा राहिलो, निघालो, परत मागे गेलो, परत निघालो. रखवालदार विचारू लागला, "बा साब, कुछ गिर गया क्या?" म्हणालो, "हो, गिर गया," आणि चालू लागलो.

वही तांदळाच्या डब्यामागे असते ते मला माहीत होतं. बाग गावच्या छापाची हिची जुनी साडी फाटली, तिच्या तुकड्यात बांधलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेड चांगला झाल्यावर काढली. मला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचतो.

पानं प्रश्नांनी भरलेली. डावीकडे कात्रण डकवलेलं, खाली मराठीत प्रश्न, खाली उत्तर. उत्तर नेहमी वेगळ्या शाईत, कारण ते सकाळी, मला सांगून झाल्यावर लिहिलेलं. आणि उजव्या बाजूला, जवळजवळ प्रत्येक प्रश्नापुढे, दोन अक्षरं. तो.को. मला वाटलं कुठल्या औषधाचं नाव. पान उलटलं, तो.को. आणखी उलटलं, तो.को. जिराफापुढे नव्हतं, तिथं लिहिलं होतं, मामा. शुक्रापुढे लिहिलं होतं, एकादशी. मग कळलं. तोललं कोणी. मी जे जे बोललो ते हिनं लिहून ठेवलं होतं.

शेवटच्या पानावर हिंदी कात्रण होतं, संसार की सबसे भारी जीभ, नीली व्हेल. त्याखाली हिच्या अक्षरात प्रश्न. जगात सगळ्यात जड जीभ कोणाची? त्यातला "जगात" हा शब्द हिनं एक रेघ मारून खोडला होता आणि वर, बारीक अक्षरात, लिहिलं होतं, संसारात. समासात एकच शब्द होता. चिडणार.

खाली उत्तराची जागा कोरी.

मी बोट तिथंच ठेवून बसलो. चूक नव्हती ती, आणि टोमणाही नव्हता. हिनं जाणूनबुजून शब्द बदलला होता, मला चिडवायला. मी मुलीला जे बोललो त्यावर हिला मला काही सुनवायचं असेल तर तेही त्यात होतं, पण सकाळी सोडवायच्या बेतानं. संध्याकाळभर मला कुढू द्यायचं, आणि सकाळी चहा झाल्यावर सांगायचं, अहो, व्हेलची, तुमची नव्हे. मग मी म्हटलं असतं, तोलली कोणी. मग हिचे खांदे हलले असते. एवढा सगळा बेत होता.

आता ती सकाळ सांगतो.

मी लवकर उठलो. पीपलरावांच्या एका व्यापाऱ्याकडे जुना मोठा काटा अडला होता, तो बघायला बोलावलं होतं. घाई नव्हती, दुपारी गेलो असतो तरी चाललं असतं. हिनं चहा केला. माझ्यासमोर बशी ठेवली आणि स्वतःचा कप घेऊन समोर बसली. हिचा चेहरा मला पाठ होता. ओठ घट्ट मिटलेले, आत काहीतरी दाबून धरलेलं, आणि डोळे माझ्यावर. मी "हं, सांग" म्हणायची वाट बघत होती.

मी चहा प्यालो. बशी पालथी घातली. उठलो, पेटी घेतली.

दारापर्यंत ही मागे आली. म्हणाली, "अहो, उत्तर राहिलं."

मी खाली वाकून चपला घालत होतो. वर बघितलं नाही.

"ठेव तुझ्यापाशी," मी म्हणालो, आणि पायऱ्या उतरून बस धरायला गेलो.